तास्मानियाचे तात्या

तात्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना तसं वाटणार नाही. ऑफसाइड म्हणजे काय ते मी त्यांना तीनदा समजावलंय, स्टुटगार्टच्या जावयानं एकदा व्हिडिओ कॉलवर आणि गल्लीतल्या पोरांनी एकदा चहाचे कप मांडून. दर वेळी ते मान डोलावतात आणि विचारतात, "बरं, पण हा ठराव कुठल्या सभेत पास झाला?"

लोक खेळावर जीव टाकतात. तात्यांचा जीव लीगवर आहे, तोही जर्मनीच्या. लीग कुणी काढली, कुणाला घेतलं, कुणाला वगळलं, कुणी कुणाला पैसे चारले, कोण वर गेलं, कोण खाली आलं आणि खाली येताना काय म्हणालं, एवढंच त्यांना हवं असतं. प्रत्यक्ष मॅच ही त्यांना मधली अडचण वाटते. शनिवारी टीव्हीसमोर बसतात. उन्हाळ्यात सातला, हिवाळ्यात आठला. तिकडचे दुपारचे साडेतीन आपल्याकडे तसे वाजतात. काकू शेजारी मेथी निवडत नाहीतर मटार सोलत बसलेल्या असतात. शिट्टी झाली की दहाव्या मिनिटाला तात्या घोरायला लागतात, आणि शेवटी गुणतक्ता पडद्यावर आला की कुणी हाक मारावी तसे दचकून उठतात. चष्मा डोक्यावरून नाकावर. मग वही.

ही वही म्हणजे एका साखर कारखान्याच्या शेअर विभागातली कोरी राहिलेली नोंदवही. लाल कापडी पुठ्ठा, झिजलेले कोपरे, पाठीला सुटत आलेली शिवण. तात्यांनी त्या विभागात चौतीस वर्षं काढली आणि निवृत्तीला शाल-श्रीफळाबरोबर अशा दोन वह्या मागून घेतल्या. रकाने छापील आहेत, ते त्यांनी बदललेले नाहीत: अनुक्रमांक, सभासदाचे नाव, वारसाचे नाव, शेरा. सभासद म्हणजे क्लब. वारस म्हणजे तो खाली गेल्यावर त्याच्या जागी आलेला क्लब. आणि शेरा तात्यांचा. 'नुरेम्बर्ग. १९६८ अजिंक्य. १९६९ पदावनत. वर्तनाकडे लक्ष देणे.' 'कायझर्सलाउटर्न. १९९७ बढती, १९९८ लगेच अजिंक्य. विशेष बाब म्हणून मंजूर.' 'शाल्के. १९ मे २००१. चार मिनिटे अजिंक्य. नंतर दुरुस्ती.' या शेवटच्या नोंदीवर तांबड्या शाईची आडवी रेघ आहे आणि कडेला सही. खाडाखोड केली की कारकून सही करतोच.

सांगलीच्या माणसाला गुणतक्ता शिकवावा लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. तसेच तिकडे १८ क्लब. सोळावा इशाऱ्यावर, त्याला खालच्या वर्गातल्या तिसऱ्याशी दोन मॅच खेळून जीव वाचवायची संधी असते. सतरावा आणि अठरावा धोक्यावर. त्यांनी सामान माळ्यावर टाकायला लागायचं. पावसाळ्यात आम्ही 'आयर्विनला किती?' विचारतो, तसं दर एप्रिलमध्ये तात्या जावयाला फोन लावून 'हाम्बुर्गला किती?' विचारायचे. पहिल्या वर्षापासून एकदाही खाली न गेलेला तो एकच क्लब उरला होता. त्याच्या मैदानात घड्याळ होतं, आपण किती वर्षं, किती दिवस, किती तास वर आहोत ते मोजणारं. २०१८ च्या मे महिन्यात हाम्बुर्ग बुडालं. काकूंनी आमरस केला होता. तात्यांनी वाटी बाजूला सारली. आमरसाची!

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं २०१४ मध्ये. मुलीच्या बाळंतपणाला काकू स्टुटगार्टला गेल्या, तात्या पिशव्या उचलायला. दोन महिन्यांत ते एकदाही मैदानाकडे फिरकले नाहीत. पण रविवारच्या जुन्या बाजारात त्यांना विटेएवढं जाड एक पुस्तक सापडलं, सगळे तक्तेच तक्ते. जर्मन येत नव्हती, पण तक्त्याला भाषा कशाला लागते? 'पुंक्ते' म्हणजे गुण आणि 'तोरं' म्हणजे गोल, एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी एका देशाचा साठ-पासष्ट वर्षांचा हिशेब वाचून काढला. उरलेलं जावयाकडून रात्री जेवताना वदवून घेतलं. जावई बिचारा इंजिनिअर, फुटबॉल न बघणारा. आता त्याला सगळं पाठ आहे.

आणि तिथंच तात्यांना शोध लागला की जर्मनीचे क्लब म्हणजे सभासदांच्या संस्था. वर्गणी भरा, सभासद व्हा, वार्षिक सभेला जा, हात वर करा. एकट्या बायर्न म्युनिकचे सभासद तीन लाखांहून जास्त. १९९८ मध्ये क्लबांना कंपनी काढायची परवानगी मिळाली, पण एका अटीवर: मतं निम्मी आणि वर एक, मूळ संस्थेच्याच हातात. पन्नास अधिक एक. तात्या पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात धावले. "अगं, हे तर आपलंच! सहकार!"

काकूंनी वरणाला फोडणी देता देता विचारलं, "मग तिथंही बिलं उशिरा निघतात का?"

त्या दिवसापासून तात्या जर्मन फुटबॉलकडे कारखान्याच्या खिडकीतून बघतात आणि खरं सांगायचं तर चांगल्या चांगल्या क्रीडासमीक्षकांपेक्षा त्यांना त्यातलं जास्त दिसतं. २८ जुलै १९६२ ला डॉर्टमुंडच्या सभागृहात बुंदेसलीगा काढायचा ठराव आला. बाजूनं १०३, विरोधात २६. तोवर पश्चिम जर्मनीला एक लीगच नव्हती. पाच विभागांच्या पाच ओबरलीगा आणि शेवटी त्यांच्या विजेत्यांची झुंज. १९५४ चा विश्वचषक जिंकला तो देश बिनलीगचा होता. तात्यांना यातल्या विश्वचषकाचं काही नाही. ते त्या २६ जणांवर अडकतात. "विचार कर, २६ जणांनी विरोधात मत दिलं आणि ते मोजलं! इतिवृत्तात लिहिलं! आमच्या सभेत नामंजूर म्हणणाऱ्याचा आवाज 'मंजूर, मंजूर'मध्ये कुठं जायचा ते मी चौतीस वर्षं ऐकलंय. इतिवृत्त मीच लिहायचो."

मग अर्ज मागवले. आले ४६, जागा १६. बारा वर्षांची कामगिरी बघायची, पैशाची बाजू बघायची, शिवाय एका शहरातून एकच. म्युनिकची जागा १८६० नावाच्या क्लबाला गेली आणि बायर्न म्युनिक, हो, तेच बायर्न, बाहेर बसलं. १९६५ ला बढती घेऊन आलं. २०१३ पासून सलग अकरा वर्षं अजिंक्य राहिलेल्या या क्लबाला सुरुवातीला वेटिंग लिस्टवर ठेवलं होतं, हे सांगताना तात्यांच्या चेहऱ्यावर तुपाची धार सांडल्यासारखं सुख दिसतं. सारब्रुकेनला मात्र आत घेतलं. तिथल्या कुणाचं तरी समितीत वजन होतं अशी कुजबुज तेव्हाही होती. पहिल्याच वर्षी सारब्रुकेन तळाला. "म्हणून सांगतो, वशिल्यानं चिटकलेला माणूस मार्चएंडला उघडा पडतो."

आता तास्मानिया.

माणूस कुणाचा चाहता होतो ते त्याच्या हातात नसतं म्हणतात. तात्यांनी मात्र पूर्ण विचारांती, वहीची पानं उलटून, जर्मन इतिहासातला सर्वांत वाईट संघ निवडला. १९६५ मध्ये बर्लिनच्या हेर्था क्लबानं खेळाडूंना ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिल्याचं उघड झालं आणि त्याला हाकललं. पण बर्लिनमध्ये भिंत उभी राहून चारच वर्षं झाली होती. लीगमध्ये बर्लिनचा एक तरी संघ पाहिजे, हा इभ्रतीचा मुद्दा. कुणाला घ्यायचं? एक नको म्हणाला, दुसऱ्याची पात्रता बसेना. शेवटी तास्मानिया १९०० नावाच्या संघाला तू ये म्हणाले. खेळाडू सुट्टीवर गेलेले, त्यांना परत बोलावलं. पहिल्या मॅचला ८१ हजार प्रेक्षक, आणि तास्मानिया जिंकली, २-०!

"मग?" मी पहिल्यांदा ऐकत होतो तेव्हा विचारलं होतं.

"मग काही नाही," तात्या म्हणाले. चौतीस मॅचमध्ये दोन विजय, चार बरोबरी, अठ्ठावीस पराभव. गोल केले १५, खाल्ले १०८. सलग ३१ मॅच विजय नाही. जानेवारी १९६६ मध्ये एका मॅचला ८२७ माणसं आली. हे आकडे तात्या तोंडपाठ म्हणतात, रामरक्षेसारखे. ८२७ म्हणताना आवाज जरा खाली येतो. "बदली कामगार होता रे तो. हंगामाच्या तोंडावर बोलावून उभा केला. त्याचं काय चुकलं?" तात्या स्वतः पहिली सहा वर्षं हंगामी होते.

आणि म्हणून २०२०-२१ च्या हिवाळ्यात, जग लसीची वाट बघत असताना, तात्या वेगळ्याच काळजीनं खंगले. शाल्के हरत सुटलं होतं. वीस, पंचवीस, अठ्ठावीस मॅच विजय नाही. तीसला पोहोचल्यावर तास्मानियाचा ३१ मॅचचा विक्रम जायची वेळ आली. बर्लिनमध्ये तास्मानियाचे पाठीराखेही शाल्केसाठी देव पाण्यात घालून बसले होते हे आम्हाला नंतर कळलं. सांगलीत तात्यांनी गणपतीला नारळ बोलून ठेवला होता. ९ जानेवारी २०२१. शाल्केनं होफेनहाइमला ४-० हरवलं. दुसऱ्या दिवशी मास्क लावून तात्या देवळात. पुजाऱ्यानं विचारलं, घरात कुणी बरं झालं का? "नाही," तात्या म्हणाले, "विक्रम वाचला."

तात्यांना लग्नाला बोलावताना यजमानांनी जेवण वेळेवर ठेवावं. एकदा आमच्या शेजारच्या मुलीच्या लग्नात मुहूर्ताला उशीर झाला, पंगत बसेना. तात्यांनी वरपक्षाच्या पाच-सहा म्हाताऱ्यांना गाठून १९२२ ची फायनल सुरू केली. हाम्बुर्ग विरुद्ध नुरेम्बर्ग, तीन तास नऊ मिनिटं, २-२, अंधार पडला म्हणून थांबवली. पुन्हा घेतली, तर नुरेम्बर्गकडे सातच माणसं उभी राहिली, ती पण थांबवली. शेवटी हाम्बुर्गला चषक दिला तर त्यांनी नको म्हटलं. त्या वर्षी अजिंक्य कुणीच नाही. वराच्या आजोबांनी एवढंच विचारलं, "आणि जेवणाचं काय झालं?"

आसपासचं काहीही तात्यांना तिकडं सापडतं. मिरज जंक्शन म्हणजे लोकोमोटिव्ह लाइपझिश. कऱ्हाडजवळची ओगलेवाडी, जिथं काच आणि प्रभाकर कंदील व्हायचे, ती म्हणजे कार्ल झाइस येना. भिंगांच्या कारखान्यातल्या कामगारांचा क्लब. आणि किर्लोस्करवाडी म्हणजे लेव्हरकुसेन. हे शेवटचं बरंचसं पटण्यासारखं आहे. १९०३ मध्ये बायर कंपनीच्या १७० कामगारांनी मालकाला पत्र लिहिलं, आम्हाला खेळायला क्लब काढून द्या. १९०४ ला क्लब निघाला. सहा वर्षांनी इकडं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर कारखाना आणि गाव एकदमच वसवलं. पन्नास अधिक एकच्या नियमातून लेव्हरकुसेनला सूट आहे, कारण कंपनी वीस वर्षांहून जास्त काळ सलग क्लबाला पोसत आली. तात्यांना हा अपवाद मान्य आहे. लाइपझिशला थंड पेय विकणाऱ्या कंपनीनं तो नियम जसा वळवून घेतला ते मान्य नाही. त्यावर त्यांना बोलतं करू नये.

१४ एप्रिल २०२४ ला लेव्हरकुसेननं ब्रेमनला ५-० हरवलं आणि क्लब स्थापन झाल्यापासून १२० वर्षांनी पहिल्यांदा लीग जिंकली. एकही मॅच न हरता हंगाम संपवला, २८ विजय आणि ६ बरोबरी. तात्या त्या ५-० च्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेहून पॅसेंजरनं किर्लोस्करवाडीला उतरले आणि फलाटावरच्या चहावाल्याच्या हातात पेढा ठेवला.

"कुणाचं ठरलं?" त्यानं विचारलं.

"लेव्हरकुसेनचं."

"उशिरा ठरलं का?"

"एकशे वीस वर्षांनी."

चहावाल्यानं पेढा खाल्ला आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. हे तात्यांनी वहीत लिहिलंय.

एवढ्या माणसाला गप्प करणारं जगात एकच कुणी आहे: साताऱ्याचा मेहुणा. हा येतो तो कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आणि सोफ्यावर बसायच्या आधी सुरुवात करतो. "काय दाजी, काय म्हणतंय दक्षिण सातारा?" १९४९ ते १९६० सांगली जिल्ह्याचं नाव खरोखरच दक्षिण सातारा होतं, आणि मेहुण्याच्या लेखी ते अजून तेच आहे.

"पाव्हणं, १९६० मध्ये आम्हाला बढती मिळाली," तात्या म्हणतात. "कागद बघा."

पण २०२३ च्या ऑगस्टपासून हा डावही चालत नाही. त्या महिन्यात बर्लिनमध्ये तिरंदाजीची जागतिक स्पर्धा झाली आणि साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं पुरुषांचं सोनं घेतलं, तोही साताऱ्यातच सराव करणारा. मेहुण्यानं सोफ्यावर पाय वर घेतले. "दाजी, तुमची तास्मानिया बर्लिनची ना? ती बर्लिनमध्ये हरली. आमची पोरगी साताऱ्याहून जाऊन बर्लिनमध्ये जिंकली. ह्याचा शेरा काय?" तात्या बराच वेळ पेढ्याचा कागद घडी करत राहिले. मग म्हणाले, "तिकडं तिरंदाजीचीही बुंदेसलीगा आहे." स्वर हरलेल्या माणसाचा होता.

आपल्याकडच्या लीगबद्दल त्यांना विचारलं तर पहिला प्रश्न असा येतो: खाली कोण जातं? प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली तेव्हा अख्खी सांगली टीव्हीपुढे, आणि तात्या शेवटच्या क्रमांकाच्या संघाची वाट काय लागणार ते शोधत होते. काहीच लागत नाही म्हटल्यावर उठून गेले. सांगलीच्या स्मृती मानधनाला महिला क्रिकेट लीगच्या २०२३ च्या लिलावात ३ कोटी ४० लाख मिळाले, गल्लीत फटाके वाजले. पहिल्या वर्षी तिचा संघ पाचात चौथा आला. तात्यांनी मला विचारलं, "मग आता खालच्या वर्गात?" खालचा वर्गच नाही, मी म्हटलं. "म्हणजे नापासच करत नाहीत? मग वरचा वर्ग कशाच्या वर?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत त्यांचं आणि गल्लीतल्या पोरांचं वाजलं. जर्मन लीगनं बाहेरचा गुंतवणूकदार घ्यायचं ठरवलं होतं. प्रेक्षकांनी मॅच चालू असताना मैदानावर टेनिस बॉलचा मारा केला. खेळ थांबे, बॉल वेचून काढत, पुन्हा सुरू. काही आठवड्यांत लीगनं बेत गुंडाळला. तात्यांना हे सभासदांच्या लढ्यातलं सोनेरी पान वाटलं. त्यांनी खाली खेळणाऱ्या पोरांचा टेनिस बॉल प्रात्यक्षिकासाठी मागून घेतला, गच्चीवरून टाकला आणि तो गटारात गेला. साठ रुपये द्यावे लागले.

आता त्यांच्या पंचाहत्तरीचं सांगतो, म्हणजे मी मोकळा.

तात्यांचा आवडता सण ६ जून. १९७१ मध्ये त्या दिवशी ओफेनबाख क्लबाचे अध्यक्ष कानेलास यांचा पन्नासावा वाढदिवस होता. क्लब नुकताच खाली गेला होता. "फळांचा व्यापारी!" तात्या सांगतात. "आपल्या मार्केट यार्डातलाच म्हण की." पाहुणे जमले, राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक आले, पत्रकार आले, आणि कानेलास यांनी टेपरेकॉर्डर सुरू केला. पैसे घेऊन मॅच सोडायच्या वाटाघाटी, खेळाडूंच्या आवाजात. पन्नासहून जास्त खेळाडूंना शिक्षा झाल्या.

आमच्या सोसायटीत टँकरच्या बिलांवरून कुरबुर चालू होती. चेअरमन घरी येऊन जाताना काहीतरी बोलून गेले आणि तात्यांनी ते फोनवर टिपलं, निदान त्यांना तसं वाटलं. पंचाहत्तरीला हॉलमध्ये सव्वाशे माणूस. भडंग, जिलेबी, मसालेभात. साताऱ्याचा मेहुणा पहिल्या रांगेत. चेअरमन दुसऱ्या. ओवाळून झाल्यावर तात्यांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि फोन स्पीकरला जोडला.

आधी कुकरच्या तीन शिट्ट्या. मग मेथीवाली आणि काकू, पेंडी वीसला की पंधराला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग काकूंचा फोनवरचा आवाज, साताऱ्याला भावाशी बोलतानाचा, स्वच्छ, मोठा:

"अरे, ह्यांना काही कळत नाही रे त्यातलं. सुरू झाली की झोपतात. मी बघते ना सगळ्या. परवा तो लेव्हरकुसेनचा व्हिर्ट्झ, एकट्यानं तीन मारले. काय पोरगं आहे! बॉल पायाला चिकटल्यासारखा. आणि बचाव इतका वर आणून ठेवतात की समोरचा दर वेळी ऑफसाइडमध्ये सापडतो..."

तात्यांनी फोन बंद केला. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा. सव्वाशे माणसं काकूंकडे बघत होती आणि काकू जिलेबीच्या ताटाकडे.

"तुला ऑफसाइड कळतो?" तात्यांनी विचारलं.

"त्यात काय न कळण्यासारखं आहे?"

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही झोपलेले असता."

चेअरमननी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. तात्या खुर्चीवर बसले, जिलेबीचं एक कडं तोडलं आणि मला हळूच म्हणाले, "कानेलासवरही आजन्म बंदीच आली होती."

दोन दिवसांनी मी वर्तमानपत्र परत द्यायला गेलो तेव्हा वही टेबलावर उघडी होती. नवीन पान, शाई ताजी. सभासदाच्या नावात तात्यांचं स्वतःचं पूर्ण नाव. वारसाच्या रकान्यात काकूंचं. शेऱ्यात दोनच शब्द: 'मॅच बघते.'